कपॅसिटर का फुगतो? खानदेशातल्या कारखान्यांसाठी वीज मोजण्याची आणि सुधारण्याची रीत

दिवाळी उलटली की कापूस जिनिंगला यायला लागतो आणि माझा फोन वाजायला लागतो. दोन हंगामांपूर्वी एका जिनिंग-प्रेसिंगमधून असाच फोन आला. तिथला वायरमन धुळ्याकडचा. "भाऊ, परत कपॅसिटर फुगना," एवढंच बोलला, म्हणजे परत फुगला. कपॅसिटर म्हणजे मोटारींना लागणारी बिनकामाची (रिअॅक्टिव्ह) वीज जागेवरच पुरवणारा डबा. वर्षभरातला तो तिसरा संच. मालकाने दर वेळी आधीपेक्षा महाग ब्रँड घेतला होता, पॅनलवाल्याशी भांडण झालं होतं, महावितरणच्या नावाने बोटं मोडून झाली होती. कपॅसिटरमधून प्रत्यक्षात किती करंट जातोय हे मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. पंधरा मिनिटांचं काम होतं ते.

जळगावच्या डाळ मिल आणि चटईचे कारखाने, धुळ्याच्या तेल गिरण्या, शिरपूरचा कापड उद्योग, रावेर-सावद्याकडची केळी पिकवण्याची कोठारं, कुठेही जा, क्रम हाच: आधी खरेदी, मग बोंब, मोजमाप सगळ्यात शेवटी. खाली तो क्रम उलट्या दिशेने मांडतो आहे.

पहिली पायरी: वही

अ‍ॅनालायझर (वीज मोजून नोंदवणारं यंत्र) भाड्याने आणण्याआधी मेन पॅनलशेजारी दोरीने एक वही बांधा. पंधरा दिवस प्रत्येक घटना तिच्यात उतरवायची: तारीख, वेळ मिनिटापर्यंत, कोणतं मशीन बंद पडलं, ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या) पडद्यावर कोणता फॉल्ट आला, त्या क्षणी कारखान्यात काय चालू केलं होतं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा: शेजारच्या युनिटलाही झटका बसला का? शेजाऱ्याचेही दिवे त्याच क्षणी डुलले असतील तर दोष बहुधा फीडरवर, म्हणजे महावितरणच्या लाइनवर. तुमच्याकडेच गडबड झाली असेल तर शोध तुमच्या कुंपणाच्या आत. माझा अनुभव असा की "महावितरणची लाइट खराब आहे" म्हणून सुरू झालेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त कारखान्यातच येऊन थांबतात.

वहीसोबत बारा महिन्यांची बिलं काढा. एप्रिल २०२० पासून एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाच्या केडब्ल्यूएचसोबत बिनकामाची वीजही धरून येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टरचा (कामाच्या विजेचं एकूण विजेशी प्रमाण) दंड आता वेगळ्या ओळीत दिसत नाही, तो युनिटमध्येच मुरलेला असतो. महिन्याला १,००,००० केडब्ल्यूएच वापरणाऱ्याचा पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर त्याला १,११,१११ केव्हीएएचचं बिल येतं. तोच ०.९९ झाला तर १,०१,०१०. म्हणजे दहा हजारांवर युनिटचा फरक. आणि जास्त कपॅसिटर लावून लीडिंगला (गरजेपेक्षा जास्त भरपाईकडे) गेलात तरी तोटाच, कारण लीडिंगचा केव्हीएआरही (बिनकामाच्या विजेचं माप) केव्हीएएचमध्ये धरला जातो. रात्री कारखाना बंद आणि फिक्स कपॅसिटर चालू, हा प्रकार मी आजही दर चौथ्या-पाचव्या ठिकाणी पाहतो.

मीटरचा लोड सर्व्हे, ज्याला आपण एमआरआय डेटा म्हणतो, तोही उपविभागाकडून मागून घ्या. कोणत्या वेळी डिमांड चढते आणि केव्हा पॉवर फॅक्टर पडतो, हे त्यात आयतं मिळतं.

दुसरी पायरी: कागदावर कारखाना

एका कागदावर सिंगल लाइन डायग्राम काढा. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरून तीन गोष्टी लिहून घ्या: केव्हीए, इम्पीडन्सची (आतल्या अडथळ्याची) टक्केवारी आणि सध्याचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची पायरी). पुढे प्रत्येक व्हीएफडी किती केडब्ल्यूची, आत चोक (करंट गुळगुळीत करणारं वेटोळं) आहे की नाही. कपॅसिटरच्या पायऱ्या किती, त्यावर व्होल्टेज ४४० छापलंय की ५२५. सोलर कुठे जोडलाय. वेल्डिंग मशीन कोणत्या फेजवर आहे. बहुतेक ठिकाणी हा कागद काढताना मालकालाच पहिल्यांदा कळतं की आपल्याकडे एकूण किती व्हीएफडी झाल्या. पंख्याला बसवली, कंप्रेसरसोबत एक आली, मग एक्स्ट्रूडरला. एकेक करत निम्मा लोड इलेक्ट्रॉनिक होतो आणि कपॅसिटरचं पॅनल मात्र जुन्याच हिशेबाचं राहतं.

आता ती पंधरा मिनिटांची चाचणी. ट्रू आरएमएस टाँग टेस्टर घ्या. साधा, सरासरीवर चालणारा टेस्टर वाकड्यातिकड्या लाटेवर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून मागच्या बाजूला किंवा माहितीपत्रकात 'ट्रू आरएमएस' लिहिलंय याची खात्री करा. प्रत्येक कपॅसिटरच्या तिन्ही तारांचा करंट मोजा. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर साधारण ३१ अँपिअर घेतो. २० दाखवत असेल तर आतून मेलाय, नुसता जागा अडवतोय. ४५ दाखवत असेल तर तो हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या नको त्या लहरी, ओढतोय. कपॅसिटर त्याच्या रेटेड करंटच्या १.३ पटीपर्यंत सहन करण्यासाठी बनवलेले असतात, म्हणजे इथे सुमारे ४३ अँपिअर. त्यापुढे तो फुगणार, केव्हा एवढाच प्रश्न.

त्या जिनिंगमध्ये आकडा आला ४६.

तिसरी पायरी: अ‍ॅनालायझर जोडणं

इथे घाई करणारे दोघे मला माहीत आहेत, दोघांच्याही हातावर अजून डाग आहेत. शक्य असेल तर शटडाउन घेऊनच क्लिपा लावा. चालू पॅनलवर हात घालायचाच असेल तर लायसन्सधारक माणूस, रबरी हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. इनकमरवर (मुख्य वीज जिथे आत येते तिथे) कॅट ४ या सुरक्षा दर्जाची उपकरणं आणि प्रोब वापरा. मीटरिंग सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) सेकंडरीवर काम असेल तर तिची सेकंडरी कधीही उघडी ठेवू नका, हजारो व्होल्ट तयार होतात. लवचिक रोगोव्स्की कॉइल असलेलं यंत्र घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

जोडताना तीन चुका नेहमी होतात: सीटीवरचा बाण उलटा लागतो, ए फेजची क्लिप आणि बी फेजची सीटी अशी अदलाबदल होते, आणि घड्याळ जुळवायचं राहतं. पहिल्या दोन चुका लगेच पकडता येतात. चालू लोडवर तिन्ही फेजचा केडब्ल्यू धन आणि जवळपास सारखा दिसला पाहिजे. एखादा ऋण दिसला की थांबा. घड्याळ मात्र मोबाइलशी जुळवूनच ठेवा, नाहीतर वहीतल्या ११ वाजून २० मिनिटांच्या घटनेशी यंत्रातली नोंद कधीच जुळणार नाही.

यंत्र आधी एलटी (कमी दाबाच्या, ट्रान्सफॉर्मरनंतरच्या) मेन इनकमरवर सलग सात दिवस ठेवा. सुटीचा दिवसही त्यात यायला हवा, कारण रिकाम्या कारखान्याचं व्होल्टेज बरंच काही सांगतं. दहा मिनिटांच्या सरासऱ्या प्रवाह समजायला पुरतात, पण डिप त्यात हरवतो. म्हणून इव्हेंट ट्रिगर नाममात्र व्होल्टेजच्या ९० आणि ११० टक्क्यांवर लावा. अर्ध्या सायकलपासून एका मिनिटापर्यंत व्होल्टेज १० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान घसरलं तर त्याला डिप म्हणतात. प्रमाणित मोजमापासाठी आयईसी ६१०००-४-३० चं क्लास ए यंत्र लागतं. महावितरणशी किंवा पुरवठादाराशी वाद होण्याची शक्यता असेल तर तेच घ्या. घरच्या तपासाला क्लास एस चालतं.

जिनिंगचं मोजमाप ऑगस्टमध्ये करून उपयोग नाही, रोलर पूर्ण भरात हवेत. डाळ मिलचं तूर-हरभऱ्याची आवक जोरात असताना करा.

सात दिवसांनंतर यंत्र एकेका मोठ्या फीडरवर दिवस-दिवस फिरवा. आणि निघण्याआधी एक चाचणी नक्की करा, तीच सगळ्यात बोलकी: पूर्ण लोडवर व्होल्टेजचा टीएचडी (हार्मोनिक्सचं एकूण प्रमाण) कपॅसिटर चालू असताना किती आणि एपीएफसी (कपॅसिटर आपोआप जोडणारं पॅनल) मॅन्युअलवर घेऊन एकेक पायरी काढत गेल्यावर किती. त्या जिनिंगमध्ये कपॅसिटर काढले की टीएचडी ९ टक्क्यांवरून ४ वर आला. हार्मोनिक्स तयार करत होत्या व्हीएफडी, पण ते वाढवत होते कपॅसिटर.

हे का होतं: एक वर्गमूळ

नेहमीची सहा पल्सची व्हीएफडी पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक सोडते. म्हणजे २५०, ३५०, ५५० आणि ६५० हर्ट्झ. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एका विशिष्ट फ्रिक्वेन्सीला झोका घेतात. लहान मुलाच्या झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो, तसं. ती फ्रिक्वेन्सी काढायला कागद-पेन पुरतं.

ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा, इम्पीडन्स ५ टक्के. ५०० भागिले ०.०५, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता १०,००० केव्हीए. याला चालू कपॅसिटरच्या केव्हीएआरने भागा आणि वर्गमूळ काढा. २०० केव्हीएआर असतील तर ५० चं वर्गमूळ, ७.०७. म्हणजे नेमका सातवा हार्मोनिक! ४०० केव्हीएआर असतील तर २५ चं वर्गमूळ, ५, पाचव्यावर. १०० असतील तर १०, तिथे सहसा काही नसतं. हा अंदाजच आहे, लाइनचा इम्पीडन्स आणि चालू मोटारी त्याला थोडं इकडेतिकडे सरकवतात. पण "हाफ लोडला ठीक चालतं, फुल लोडला कपॅसिटर जातात" या तक्रारीचं उत्तर यातच आहे: लोड वाढतो, एपीएफसी पायऱ्या वाढवतं आणि झोपाळा सरकत सातव्यावर जाऊन बसतो. आमच्या जिनिंगमध्ये पॅनल होतं २०० केव्हीएआरचं. सक्शन पंख्यांवर व्हीएफडी बसवण्याआधी हेच पॅनल सहा वर्षं विनातक्रार चाललं होतं.

चौथी पायरी: आकडे वाचणं

व्होल्टेज: एलटीला पुरवठ्याची मर्यादा अधिक-उणे ६ टक्के, ११ आणि ३३ केव्हीला अधिक ६, उणे ९. म्हणजे ११ केव्हीवर १०.०१ ते ११.६६. रब्बीत शेतीपंप चालू असताना खालच्या टोकाला आणि रात्री लोड उतरल्यावर वरच्या टोकाला जाणारे फीडर आपल्या भागात नवे नाहीत. ११.६ केव्ही आले की ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर एलटीला ४५७ व्होल्ट दिसतात. ४४० व्होल्टच्या कपॅसिटरने रात्रभर ते सोसायचं.

असमतोल: तिन्ही लाइन व्होल्टेजची सरासरी काढा, सगळ्यात लांबच्या आकड्याचा फरक सरासरीने भागा. ४२५, ४१०, ३९८ असतील तर सरासरी ४११, फरक १४, असमतोल ३.४ टक्के. मोटारीचं तापमान ढोबळमानाने या टक्केवारीच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी वाढतं. ३.४ ला सुमारे २३ टक्के. एकाच मोटारीचं रिवाइंडिंग वर्षात दोनदा होत असेल तर रिवाइंडिंगवाल्याला शिव्या देण्याआधी हा हिशेब करा. १ टक्क्याच्या आत राहिलात तर उत्तम. ५ च्या वर मोटार चालवूच नये.

हार्मोनिक्स: आयईईई ५१९ प्रमाणे १ केव्हीपर्यंत व्होल्टेजचा टीएचडी ८ टक्क्यांच्या आत, त्यावर ६९ केव्हीपर्यंत ५ टक्क्यांच्या आत. करंटची मर्यादा तुमच्या जोडणीच्या जागी सप्लाय किती दणकट आहे त्यावर ठरते, शॉर्ट सर्किट करंट लोडच्या २० पटींहून कमी असेल तर ५ टक्के, २० ते ५० पटींमध्ये ८ टक्के, आणि तशीच पुढे चढत जाते. इथे फिल्टर विकणारे एक गंमत करतात. रात्रीच्या ४० अँपिअरवर "करंट टीएचडी ३० टक्के!" असा लाल आकडा दाखवतात. ३० टक्के म्हणजे १२ अँपिअर. दिवसा कमाल लोड ६०० असेल तर ते २ टक्के. प्रमाणात धरायचा असतो तो कमाल लोडवर काढलेला टीडीडी, तोही महावितरणच्या जोडणीच्या जागी. प्रत्येक मशीनच्या पायाशी नव्हे.

फ्लिकर (दिव्यांची लुकलुक) आणि ट्रान्झियंट (व्होल्टेजचे क्षणिक उसळे) यांत, फर्नेस किंवा मोठं वेल्डिंग नसेल तर, सुरुवातीलाच शिरू नका.

पाचवी पायरी: स्वस्तातून महागाकडे

पहिलं हत्यार पाना. शटडाउन घेऊन बसबार (पॅनलमधल्या मुख्य धातूच्या पट्ट्या), ब्रेकर आणि कॉन्टॅक्टरचे सगळे जोड ठरलेल्या टॉर्कने घट्ट करा, काळे पडलेले लग बदला. आधी पूर्ण लोडवर थर्मल कॅमेऱ्याने फोटो घेतला तर कुठला जोड पेटायला टेकलाय ते दिसतं. सैल न्यूट्रलमुळे एका फेजचे दिवे उजळ आणि दुसऱ्याचे मंद, हा "पॉवर क्वालिटी प्रॉब्लेम" दहा रुपयांच्या लगने सुटलेला मी पाहिलाय. जिनिंगमध्ये तर रुई उडत असते, तिथे तापलेला जोड म्हणजे निमंत्रण.

मग टॅप. व्होल्टेज सातही दिवस वरच्या बाजूला राहत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी बदला, सहसा २.५ टक्क्यांची. साधा टॅप स्विच ऑफ-सर्किट असतो: दोन्ही बाजू बंद करून, अर्थ करून मगच फिरवायचा. पण कमी आणि जास्त दोन्ही टोकं दिसत असतील तर टॅपने एकाचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं होतं, तिथे ऑटोमॅटिक टॅप चेंजर किंवा सर्वो स्टॅबिलायझरचा विचार करावा. तोही फक्त नाजूक मशीनपुरता. अख्ख्या डाळ मिलला सर्वो लावण्यापेक्षा सॉर्टेक्सला (डाळ निवडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मशीनला) लावा.

असमतोल दिसला असेल तर सिंगल फेजचा लोड वाटून घ्या: वेल्डिंग, एसी, लाइटिंग.

आता कपॅसिटर. किती लागतात ते काढा: केडब्ल्यू गुणिले आधीच्या आणि हव्या असलेल्या पॉवर फॅक्टरच्या टॅनमधला फरक. २८० केडब्ल्यू, ०.८२ वरून ०.९९ ला न्यायचं तर ०.६९८ वजा ०.१४२, म्हणजे सुमारे १५५ केव्हीएआर. व्हीएफडी थोड्याच असतील तर साधे कपॅसिटर चालतात. हार्मोनिक्स मोठे असतील तर डीट्यून्ड, म्हणजे प्रत्येक पायरीला मालिकेत ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर. त्याने झोपाळ्याची जागा १८९ हर्ट्झवर येते, पाचव्याच्याही खाली, जिथे धक्का द्यायला कुणी नाही. तिसरा हार्मोनिक जड असेल तर १४ टक्क्यांचा.

इथे तीन खोड्या लक्षात ठेवा. रिअ‍ॅक्टर लावला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, ७ टक्क्यांना ४१५ चे ४४६ होतात, म्हणून जुने ४४० चे कपॅसिटर त्यात वापरू नका, ५२५ चे घ्या. ५२५ वर लिहिलेला केव्हीएआर ४४० ला सत्तर टक्केच उरतो, कोटेशन वाचताना तो कोणत्या व्होल्टेजला लिहिलाय ते विचारा. आणि एकाच बसबारवर काही पायऱ्या साध्या, काही डीट्यून्ड असं कधीच करू नका. साध्या पायऱ्या पुन्हा जुना खेळ सुरू करतात. रिअ‍ॅक्टरमधला थर्मल स्विच कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून न्यायचा असतो. निम्म्या पॅनलमध्ये तो लोंबकळतच सापडतो.

आणि आपला उन्हाळा. कपॅसिटरचा नेहमीचा 'डी' वर्ग ५५ अंशांपर्यंतच्या भोवतालच्या हवेसाठी असतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीत ४४-४५ असताना पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलच्या आत काय होत असेल! पंखा, जाळी साफ, वरून हवा निघायला वाट, हे महागड्या ब्रँडपेक्षा जास्त कामाला येतं.

हार्मोनिक्सचं मूळ व्हीएफडीत आहे, तर नवी घेतानाच डीसी चोक किंवा ३ टक्क्यांचा लाइन चोक असलेली मागा. करंटचं विकृतपण त्याने जवळजवळ निम्म्यावर येतं. हे सगळं करूनही मर्यादेबाहेर राहिलात, तर आणि तरच अ‍ॅक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर. तो चांगलं काम करतो, पण महाग आहे, आणि रेझोनन्स (वर सांगितलेला झोका) चालू असलेल्या बसबारवर लावला तर तोही गोंधळतो.

डिपचं औषध वेगळं आहे. क्षणभराच्या डिपने चटईचा एक्स्ट्रूडर थांबला की बॅरलमधलं प्लॅस्टिक गोठतं आणि तास-दोन तास जातात. इथे मोठा यूपीएस घेण्याआधी पाहा की नेमकं काय पडतंय. बऱ्याचदा नुसती कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते किंवा पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) रीसेट होतो. कंट्रोल सप्लायला छोटा यूपीएस द्या आणि ड्राइव्हमधलं फ्लाइंग स्टार्ट (फिरती मोटार तशीच पुन्हा पकडणं) व ऑटो रीस्टार्ट तपासा. ऑटो रीस्टार्ट मात्र जिथे माणसाचा हात मशीनमध्ये असू शकतो तिथे बिलकूल नको.

सोलरचा सापळा खानदेशात आता रोज भेटतो. कारखान्याचा लोड २०० केडब्ल्यू आणि १०० केव्हीएआर. दुपारी सोलर १५० केडब्ल्यू देतो. महावितरणकडून उरतात ५० केडब्ल्यू, पण केव्हीएआर शंभरचे शंभर. पॉवर फॅक्टर ०.४५! ५० युनिटला ११२ केव्हीएएच. मालक म्हणतो मीटर खराब आहे. मीटर बरोबर आहे. एपीएफसीची सीटी सोलरच्या जोडणीच्या आत राहिलीय, त्यामुळे तिला सगळं ठीक दिसतं. ती महावितरणच्या बाजूला, लोड आणि सोलर दोन्हींच्या आधी आणा, आणि इन्व्हर्टरवाल्याला केव्हीएआर देण्याची सेटिंग विचारा. बहुतेक नव्या इन्व्हर्टरमध्ये ती असते.

सहावी पायरी: परत मोजणं, आणि महावितरणकडे जाणं

सुधारणा झाल्यावर त्याच जागी, तेवढ्याच लोडवर, तेच यंत्र पुन्हा सात दिवस. पॅनलवाल्याच्या ऑर्डरमध्ये हे आधीच लिहा: पूर्ण लोडवर, सगळ्या पायऱ्या चालू असताना टीएचडी किती आणि प्रत्येक कपॅसिटरचा करंट किती, हे दाखवल्यावरच शेवटचा हप्ता. एवढी एक ओळ लिहिली की निम्मे विक्रेते आपोआप गळतात.

दोष फीडरवर निघाला तर तोंडी बोलू नका. क्लास ए यंत्राचा सात दिवसांचा अहवाल, वहीतल्या वेळा आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडून उपविभागाला लेखी द्या, पोच घ्या. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहिता आणि कृती मानकांच्या विनियमांच्या नावातच वीज गुणवत्ता आहे, त्याचा उल्लेख करा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. पण जाण्याआधी आपल्या हार्मोनिक्सचा आकडा स्वच्छ करून घ्या. तो तिथे पहिला विचारला जातो.

अर्थिंगची नोंद मी मुद्दाम शेवटी ठेवलीय, कारण ती वर्षातून एकदाच आणि चुकीच्या महिन्यात होते. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी, पण एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडपासून माती सुटते. जुलैत घेतलेला सुंदर आकडा फाइलला लावून काही होत नाही. मे महिन्यात मोजा, खड्ड्यात पाणी घालण्याआधी.

त्या जिनिंगमध्ये शेवटी २०० चे साधे काढून १७५ केव्हीएआर डीट्यून्ड बसवले. यंदा दिवाळीनंतर वायरमनचा फोन आला तेव्हा मी धसकलोच. त्याला सोलरबद्दल विचारायचं होतं.